बोरीच्या माळावरचा गोल

शुक्रवार : सेलू

सेलूच्या स्टेशनवर उतरले तेव्हा न्यायला आलेला माणूस पहिलं वाक्य बोलला ते असं : "ताई, तुमी माझी गाडी बाद केली होती. ध्यानात हाय का?"

मला आठवत नव्हतं. नाशिकच्या बाजूला वीस-बावीस वर्षं मी मोटारींच्या शर्यतींत गाड्या आणि रस्ते तपासायचं काम केलं. पोटापाण्याची नोकरी एका कारखान्यात, तिथेही मालाची तपासणीच. सुट्टीच्या दिवशी शर्यती. एवढ्या वर्षांत किती गाड्या बाद केल्या असतील याचा हिशेब कोण ठेवतो! पण ज्याची गाडी बाद होते, तो विसरत नाही.

"इंधनाची नळी सायलेन्सरला घासत होती म्हून," कैलास माझी पिशवी जीपमध्ये टाकत म्हणाला. "लय राग आला होता तवा. तीन दिवस गाडी तयार करून आन्लो होतो. मंग घरी येऊन नळी काढून बघितली, तर पार झिजलेली. तवाच मनलो, आपन कधी काही केलं तर याच बाईला बोलवायचं."

कैलास चाळिशीचा असेल. बोरीजवळ त्याचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. गावापुढच्या माळावर त्याची सात एकर जमीन. तिच्यात मुरूम आणि दगड सोडून काही पिकत नाही. तिथे त्याने मोटारींच्या शर्यतीसाठी लंबगोल मैदान तयार केलं होतं आणि रविवारी पहिली शर्यत होती. तहसीलची, पोलिसांची परवानगी त्याने रीतसर काढली होती. पण मैदान बघून 'हो' किंवा 'नाही' म्हणणारं कुणी जाणतं माणूस त्याला हवं होतं.

मी दोन वर्षांपूर्वी हे काम सोडलं होतं. त्याचं कारण इथे सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. घाटातल्या एका शर्यतीत एका वळणाच्या बाहेरची जागा मी बघ्यांसाठी सुरक्षित ठरवली होती. गाडी तिथेच रस्ता सोडून गेली. बायकोबरोबर शर्यत बघायला आलेल्या एका माणसाचा पाय गेला. चौकशी झाली, माझ्यावर ठपका आला नाही. मी घरी आले आणि त्यानंतर कुठल्याच वळणावर उभी राहिले नाही. कैलासचा फोन आला तेव्हा दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, तुमी नाही मनला तर शर्यत रद्द करीन. पण नाही मनायला तरी या." म्हणून गेले.

सेलूत बाजाराच्या रस्त्याला कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. सरकी काढायच्या जिनिंगच्या बाजूला हवेतही कापूस तरंगत होता. तो कैलासच्या मिशीवर बसला, माझ्या चष्म्यावर बसला. गाव सुटलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. तूर काढणीला आलेली, हरभरा हिरवागार, ज्वारीची कणसं भरत आलेली. आमच्याकडे एवढ्या वेळात दोन डोंगर तरी आडवे येतात. इथे नजर कुठे अडतच नाही, आणि मला त्याचाच त्रास होत होता. सारखं वाटत होतं की मैदान आता दिसेल, मग दिसेल. मी दर पाच मिनिटांनी विचारत होते, "अजून किती?"

"आलंच," कैलास दर वेळी म्हणत होता.

रात्रीचं जेवण त्याच्या घरी. त्याच्या बायकोने, सविताने, येसर आमटी केली होती. भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची ही आमटी नाशिककडे मी कधी खाल्ली नव्हती. तिने ज्वारीची भाकरी चुरून त्यावर ती ओतली आणि विचारलं, "तिखट झालं का?" झालं होतं. मी नाही म्हटलं आणि तांब्याभर पाणी प्यायले.

शनिवार : माळावर

सकाळी सविताने विचारलं, "सुशीला खाताव का?" मी गोंधळून बघत राहिले, तर मुलं हसायला लागली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपम्यासारखा पदार्थ, वर शेंगदाण्याचा कूट. खाल्ला तेव्हा कळलं की याला इतकं लाडाचं नाव का असेल. पण मैदान बघायची घाई होती. अर्धी ताटली ठेवून मी माळावर गेले.

मैदान पहिल्यांदा बघितलं आणि मी चकित झाले. गावातले लोक त्याला 'गोल' म्हणतात, पण तो अंड्यासारखा लांबट आहे. दोन सरळ पट्ट्या, एक मुख्य, जिथून शर्यत सुटते, आणि एक मागची; दोन्ही टोकांना वळणं. प्रत्येक वळणाचे दोन भाग, आत शिरायचा आणि बाहेर पडायचा. म्हणून त्याला चार कोपरे धरतात. एक चक्कर साधारण अर्धा किलोमीटर. कडेने मुरुमाचा गुडघाभर उंच कठडा. वळणावर बाहेरची बाजू हातभर उचललेली, म्हणजे वेगात गाडी बाहेर फेकली जाऊ नये. हे सगळं कैलासने ट्रॅक्टरला माती ओढायची पाटी लावून, मोबाइलवर परदेशातली मैदानं बघून केलं होतं.

आपल्या देशात मोटारींची मैदानं म्हटली की नागमोडी. मोठ्या शहरांजवळ, मोठ्या खर्चाची. लंबगोल मैदान ही अमेरिकेतल्या छोट्या गावांची चीज. तिथे पूर्वी जत्रेत घोडे पळवायची मातीची रिंगणं असत; मोटारी आल्या आणि लोकांनी त्याच रिंगणांत मोटारी पळवल्या. आजही तिथले कितीतरी नामांकित ड्रायव्हर अशाच गावठी मातीवर तयार होतात. याचं एक कारण सोपं आहे : एका जागी बसून सगळी शर्यत दिसते. आमच्या घाटातल्या शर्यतीत बघ्याला एक वळण मिळतं. गाडी येते, धूळ उडते, जाते. पुढे काय झालं ते संध्याकाळी कळतं. गोलात काहीच लपत नाही. कोण कुठे चुकलं ते चहावाल्यालाही दिसतं.

मी फक्त चित्रफितींत बघितलेल्या त्या शर्यती नेहमी डावीकडे वळतात. कैलासचा गोल उजवीकडे वळत होता. मी विचारलं.

"त्यांचा ड्रायव्हर डाव्या अंगाला बसतो, म्हून ते डावीकडं वळतेत. वळणाच्या आतल्या अंगाला माणूस, बाहेर नुसता पत्रा," कैलास म्हणाला. "आपला ड्रायव्हर उजव्या अंगाला. तवा आपन उजवीकडं. धडकलं तर डाव्या अंगानं धडकंल."

हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याने विचार करून काढलं होतं. त्याच्याबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा भरवसा वाटला.

"गावात मी असं सांगितलं न्हाई पण," तो हसला. "गावात मनलो, देवाला जशी प्रदक्षिणा घालतो तसं."

मागून आवाज आला, "आमी बी स्तूपाला तसंच जातो. म्हंजे सगळ्यांचं एकमत झालं बगा."

ही प्रज्ञा. वय तीस-बत्तीस, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. प्रज्ञा रोज शाळेची गाडी चालवते, आसपासच्या वाड्यांतून मुलं आणते, पोचवते. उद्याच्या आठ ड्रायव्हरांत ती एकटी बाई. मी विचारलं, शर्यतीत का उतरतेस? ती म्हणाली, "रोज तीसच्या वर काटा जाऊ देत न्हाई मी. लेकरं असतेत मागं. एक दिवस तरी बघू द्या की, पुढं काय असतं ते."

मग गाड्या तपासल्या. आठही भंगारातून आणलेल्या जुन्या छोट्या मोटारी. काचा काढलेल्या, आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केलेला, ड्रायव्हरला बांधायचे चार-चार पदरी पट्टे. पिंजरे मी हातोडीने ठोकून बघितले. दोन ठिकाणी वेल्डिंग कच्चं निघालं, ते पुन्हा करायला लावलं. चाकांचे नट आवळून प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ मारली. नट फिरला तर रेघ तुटते आणि लांबून कळतं.

या सगळ्यात एक फजिती झाली. धूळ बसावी म्हणून कैलासने गुऱ्हाळावरची मळी पाण्यात कालवून पहाटेच मैदानावर शिंपडली होती. युक्ती चांगली होती. पण दहाच्या सुमाराला कुणाच्या तरी पाच म्हशी मैदानात शिरल्या आणि मुख्य पट्टी चाटायला लागल्या. त्यांना हाकलायला मी धावले, तर माझ्या डाव्या बुटाचा तळ तिथेच चिकटून राहिला. प्रज्ञा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बाकीचे दोन दिवस मी सविताच्या चपला घालून काम केलं.

दुपारी सराव सुरू झाला आणि माझं लक्ष पहिल्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे मैदानाला लागून शेजारच्या शेताचा उंच बांध होता. बांधावर बाभळीच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, हातात काठी. शेत आणि बांध त्यांचाच. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे.

"या बाई," ते म्हणाले. "इथून चारी कोपरे दिसतेत. लय मोक्याची जागा. उद्या समदे जुने लोक इथंच बसणार हायेत. मी आवतन दिलंय."

मी मैदानाच्या कडेपासून बांधापर्यंत पावलं मोजली. चोवीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा चोवीसच. सरळ पट्टीवरून जोरात आलेली गाडी ताबा सुटून बाहेर गेली तर बरोबर इथे येणार होती.

"आप्पा, उद्या इथे कुणाला बसता येणार नाही."

"कामून?"

"गाडी सुटली तर इथे येईल."

"बांध माझा हाय," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या बांधावर मी बसंन न्हाई तर झोपंन. तुमी गाड्या बगा."

संध्याकाळपर्यंत मी त्या कोपऱ्यावर कितीदा गेले ते मला सांगता येणार नाही. सराव संपला, ड्रायव्हर घरी गेले, तरी मी गोल फिरत होते. एका जागी थांबलं की घाटातलं ते वळण डोळ्यांपुढे यायचं, म्हणून चालत होते. कैलास चहा घेऊन मागे-मागे फिरला आणि शेवटी कप हातात तसाच धरून म्हणाला, "ताई, थंडगार झाला. काय ठरवलं?"

"मैदान चांगलं आहे. शर्यत होईल. पण बांध रिकामा पाहिजे. लोक सगळे मुख्य पट्टीच्या बाजूला, उतारावर. पुढे तुझ्या ट्रॉल्या आडव्या लावायच्या."

"आप्पा ऐकणार न्हाईत."

"मग शर्यत होणार नाही."

 त्याने थंड चहा पिऊन टाकला.

रविवार : शर्यत

सकाळी अकरालाच मुख्य पट्टीसमोरचा उतार भरला. बोरीचे लोक, जिंतूरचे, सेलूहून आलेले व्यापारी, बायका, मुलं. भज्यांचा गाडा, उसाचा रस, फुगेवाला. जिंतूरहून एक डॉक्टर आणि रुग्णवाहिका आली होती. उतारापुढे ट्रॉल्यांची रांग लागली. लोकांना जाण्या-येण्यासाठी मी दोन ट्रॉल्यांमध्ये एक फट ठेवायला सांगितली, चार हातांची.

बांधावर आप्पा होतेच. त्यांच्याबरोबर आणखी नऊ-दहा म्हातारे. मी दोनदा जाऊन विनंती केली. कैलास पाया पडून आला. गाड्या रांगेत लागल्या, इंजिनं सुरू झाली. माझ्या हातात हिरवा झेंडा होता. मी तो खाली धरला आणि उभी राहिले.

पाच मिनिटं गेली. उतारावरून शिट्ट्या सुरू झाल्या. "ओ मॅडम, झेंडा उचला की!" कुणीतरी ओरडलं. आणखी पाच मिनिटं गेली. कैलासचा चेहरा उतरला होता. मी इकडून तिकडे चालत होते. मनात आलं, मी माझी भीती या माणसांवर लादते आहे का? त्या घाटातल्या माणसाचं देणं इथे बोरीत फेडते आहे का?  झेंडा मात्र मी उचलला नाही.

तेवढ्यात प्रज्ञाने इंजिन बंद केलं. पट्टे सोडून खिडकीतून बाहेर आली, हेल्मेट काखेत मारून सरळ बांधाकडे चालत गेली. मी तिच्या मागे धावले.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमची नातवंडं रोज माझ्या गाडीत बसतेत. मी त्यायला कधी दारात लटकू दिलं का?"

"त्याचा हितं काय संबंध?"

"मला सरळ पट्टीवर जोरात जायचंय. समोर तुमी दिसले की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. काल समद्या सरावात गेला. तुमी उठल्याबिगर मी गाडी चालू करत न्हाई."

तिच्यामागे दुसरं इंजिन बंद झालं. मग तिसरं. थोड्या वेळाने आठही गाड्या गप्प झाल्या आणि माळावर फक्त फुगेवाल्याची पिपाणी ऐकू येत राहिली.

आप्पांनी सगळीकडे एकदा बघितलं. मग काठी टेकून उठले. खुर्ची उचलायला दोघे पुढे आले तर त्यांना म्हणाले, "ठिवा. मीच नेतो." एका हातात काठी, दुसऱ्या हातात खुर्ची घेऊन ते मैदानाच्या कडेने उताराकडे गेले. मागे बाकीचे म्हातारे. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. उतारावर त्यांनी खुर्ची टेकली ती बरोबर त्या फटीसमोर. तिथून मैदान मोकळं दिसत होतं.

मी झेंडा उचलला.

आधी चार-चार गाड्यांच्या दोन फेऱ्या झाल्या, मग सगळ्यांची मिळून वीस चकरांची शेवटची शर्यत. मातीवर मोटार वळणात शिरते तेव्हा तिची शेपटी बाहेर घसरते आणि ड्रायव्हर चाक उलट्या दिशेला फिरवून तिला आडवीच पुढे नेतो. हे मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. आठ गाड्या एकमेकींना घासत, मुरूम उडवत, पुन्हा पुन्हा समोरून जात होत्या. लोकांनी ओरडून माळ डोक्यावर घेतला. प्रज्ञा सहावीवरून चौथी, चौथीवरून तिसरी झाली. मी मात्र शर्यत बघतच नव्हते. माझे डोळे रिकाम्या बांधावर होते. दर चकरेला वाटायचं, आता कुणीतरी तिकडे जाणार. एक लाल गाडी घसरत गेलीही, पण मुरुमाच्या कडेला थांबली आणि मागे फिरली.

चौदाव्या चकरेत चौथ्या कोपऱ्यातून बाहेर पडताना एका निळ्या गाडीचं डावीकडचं पुढचं चाक निखळलं.

गाडी नाक जमिनीला टेकवून जागीच फिरली. चाक मात्र सरळ निघालं. कडेच्या मुरुमावर आपटून कंबरेएवढं उडालं, खाली आलं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या चार हातांच्या फटीतून आत गेलं. उतारावर किंकाळी उठली. माणसं दोन्ही बाजूंना फाकली. चाक चढाला लागलं, मंदावलं, डगमगलं आणि आडवं पडलं. आप्पांच्या खुर्चीपासून तीन पावलांवर.

आप्पा हलले नव्हते. हलायला वेळच मिळाला नव्हता.

मी लाल झेंडा फडकवला. निळ्या गाडीचा ड्रायव्हर स्वतः चालत बाहेर आला, त्याला खरचटलंही नव्हतं. मग मी उताराकडे धावले.  आप्पांनी काठीने चाकाला टोचून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "बांधावर बसलो असतो तर हे मला लांबून दिसलं असतं."

मी मान खाली घातली. ती फट मीच ठेवली होती. त्यांना बांधावरून उठवून इथे मीच आणलं होतं. आणि चाकाचं नंतर कळलं : आधीची फेरी झाल्यावर पंक्चर निघालं म्हणून निळ्या गाडीवाल्यांनी चाक बदललं होतं. मला कुणी सांगितलं नाही, आणि पिवळी रेघ आहे का ते शेवटच्या शर्यतीआधी मी पुन्हा बघितलं नव्हतं. मी बांधाकडे बघत बसले होते.

कैलास जवळ आला. "ताई, बंद करू का?"

क्षणभर वाटलं, पिशवी उचलावी आणि सेलूची वाट धरावी. मग मी म्हटलं, "आधी फट बंद कर. ट्रॉली सरकव. सगळ्या गाड्यांचे नट मी बघते. मग उरलेल्या सहा चकरा."

बत्तीस चाकांपैकी एकतीस मी गुडघ्यावर बसून बघितली, बत्तिसावं उतारावर पडलं होतं. सात गाड्या पुन्हा सुटल्या. जिंतूरचा एक मेकॅनिक पहिला आला, प्रज्ञा तिसरी. उतरल्यावर तिला लोकांनी खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा ती ओरडली, "उद्या सातला गाडी काढायची हाय मला, हातपाय नीट ऱ्हाऊ द्या!"

संध्याकाळी सविताने धपाटे आणि दही वाढलं. सगळे एकाच वेळी बोलत होते. मी दोन धपाटे खाल्ले, पण ते कसे होते विचाराल तर सांगता येणार नाही.

सोमवार : निघताना

माझी रेल्वे सेलूहून दुपारची होती. सकाळी एकदा मैदान बघून येते म्हणून निघाले, तर आप्पा माझ्या आधीच तिथे उभे. मला वाटलं, आता राहिलेलं बोलून घेतील. तो त्यांचा हक्कच होता.

"आप्पा, काल चूक माझी झाली," मी म्हटलं.

"झाली," ते म्हणाले. "पुढल्या साली कैलास पुन्ना करणार हाय हे. ऐकायचा न्हाई तो. तवा मी कुठं बसायचं ते आत्ताच दाखवून जा. ऐनवेळी उठवायचं न्हाई मला."

आम्ही दोघे चालायला लागलो. त्यांच्या चालीने गोलाभोवती एक चक्कर मारायला बराच वेळ लागला. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मी त्यांना सांगितलं, गाडी सुटली तर कुठे जाईल, चाक सुटलं तर कुठे जाईल. ते नीट ऐकत होते, मध्ये प्रश्न विचारत होते. "आन दोन गाड्या भिडल्या तर?" "आन मळी जास्त झाली तर?" मी इतकी वर्षं हे काम केलं, पण एवढे नेमके प्रश्न मला कुणी विचारले नव्हते.

शेवटी मागच्या पट्टीपासून साठ-सत्तर पावलांवर जमिनीतून वर आलेला एक काळा खडक मिळाला, माणसाच्या छातीएवढा उंच. त्याच्या मागे बसलं तर समोरून काही आलं तरी आधी खडकाला लागेल. आप्पा त्याच्यामागे एका दगडावर बसले. मान उंच करून डावीकडे, उजवीकडे बघितलं.

"इथून तिसरा कोपरा दिसत न्हाई."

"नाही दिसत."

"तिथं काही झालं तर?"

"दिसणार नाही, आप्पा. तेवढं सोडावं लागेल."

त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. रस्त्यावर कैलासच्या जीपचा हॉर्न दोनदा वाजला.

"बरं," ते म्हणाले. "मंग तिथं काय झालं, ते तुमी येऊन मला सांगायचं."

मी हो म्हणाले.